गॅस संपत नसतो

परवा कँटीनमध्ये एका मित्राने विचारलं, "गाडी अकरा वर्षांची झाली, एसी गार करत नाही. गॅस भरून घेऊ का सरळ कॉम्प्रेसरच बदलू?"

मी म्हटलं, "दोन्ही करू नकोस."

तो बघतच राहिला. मग चहा गार होईपर्यंत मी त्याला जे काही ऐकवलं, ते या शनिवारी इथे लिहून काढतोय. उन्हाळा तोंडावर आला की हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. आणि या विषयात मी जी फी भरली आहे ती इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत भरली नसेल :)

आधी एक कबुली. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांची हीच कथा आहे. रेफ्रिजरेशनचा पेपर मी दिलेला आहे, आणि कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर हे चार चौकोन डोळे मिटून काढून दाखवीन. पण गाडीचा कॉम्प्रेसर पहिल्यांदा हातात धरला तो वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, नगरच्या एका शेडमध्ये. तोही मेलेला.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या पुढे. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. पाटीवर वाचताना आता सवय झालीय, पण घरात सगळे अजून "नगरला जाऊन येतो" असंच म्हणतात.) आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नगरला न्यावं लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचे पैसे पडत नाहीत, पण जाण्यायेण्याचं बघायचं ते आपलं आपण. करंजी घाट धरून जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. गाडी अण्णांची, छोटी हॅचबॅक, २०१२ ची, सेकंडहँड घेतलेली. मी पुण्यात असल्यामुळे आठवडाभर अण्णा चालवतात आणि माझा नंबर लागतो तो सुट्टीच्या किंवा वर्क फ्रॉम होमच्या दिवशी.

आता "आमच्या वेळी कुठे होता एसी, काचा खाली करा की" म्हणणारे आमच्या घरातही आहेत. खुद्द अण्णाच. म्हणून हा मुद्दा आधी निकालात काढतो. बाहेर बेचाळीस डिग्री असताना काच खाली केली तर आत येणारी हवा आपल्या कातडीपेक्षा गरम असते. ती हवा अंग गार करते ती फक्त घाम वाळवून. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून प्यायचं असतं, म्हणजे घामाचा हिशोब आधीच तंग. त्यात चार तास मशीनवर काढून बाहेर पडलं की बीपी उतरलेलं असतं. अशा माणसाला दुपारी अडीच वाजता गरम भट्टीचा वारा देत घाट पार करायचा म्हणजे काय, हे एकदा मागच्या सीटवर बसून बघावं. आणि एसी ही चैन आहे असं आता सरकारही मानत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. दिवसभर इंजिनाशेजारी बसणाऱ्या ड्रायव्हरला जे लागतं, ते पंच्याहत्तरीच्या आजीला लागत नाही असं कसं म्हणायचं?

असो. मूळ मुद्द्यावर येतो.

एप्रिल २०२४. गाडीचा एसी सकाळी निघताना मस्त गार. अर्ध्या-पाऊण तासाने हवा कोमट, मग गरम. थांबून तासाभराने परत सुरू केला की पुन्हा गार! सॉफ्टवेअरवाल्यांना हे लक्षण ओळखीचं वाटेल. सर्व्हर रीस्टार्ट केला की चालतो आणि तासाभरात परत झोपतो, तसलंच प्रकरण.

पहिल्या गॅरेजमध्ये सांगितलं, "गॅस कमी झालाय." दीड हजार घेतले, गॅस मारला. गेज लावून वाचल्याचं मला दिसलं नाही. पुढच्याच फेरीत पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, "कॉम्प्रेसर गेला. चोवीस हजार." अण्णांनी तिथल्या तिथे म्हण टाकली, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि गाडी काढली.

तिसरीकडे गेलो ते कुणाच्या तरी सांगण्यावरून. नगरमध्ये जुने एसीवाले चाचा आहेत, फक्त गाड्यांचे एसी करतात. पत्र्याची शेड आणि एक स्टूल, बोर्ड वगैरे काही नाही. त्यांनी आधी काय केलं असेल? काहीच नाही. "एसी चालू ठेवून चक्कर मारून या, बंद पडला की आणा," म्हणाले. म्हणजे बग आधी रिप्रोड्यूस करा! पाऊण तासाने गरम हवा मारणारी गाडी त्यांच्यासमोर उभी केली. इंजिन चालू, एसी चालू. त्यांनी कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे बॅटरी मारून मला बोलावलं. पुली फिरत होती, पण तिच्या पुढची चकती स्थिर होती. चाचांनी एक लांब लाकडी काठी घेतली, त्या चकतीला बेताने ढोसलं, आणि टक्क! चकती चिकटली, फिरायला लागली, आत गार हवा. (हा प्रयोग घरी करू नका. फिरत्या बेल्टशेजारी हात नेणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम आहे, आपलं नाही.)

आता यातली मेकॅनिकलची गंमत. कॉम्प्रेसरची पुली इंजिनाबरोबर कायम फिरत असते, पण कॉम्प्रेसर कायम फिरत नाही. मध्ये एक विजेचा क्लच असतो. एसीचं बटण दाबलं की कॉइलमध्ये करंट जातो, ती लोहचुंबक होते आणि पुढची चकती पुलीला ओढून घेते. चकती आणि पुली यांच्यात फट असते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. वर्षानुवर्षं घासून ती फट वाढते. त्यातच कॉइल तांब्याची, आणि तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो, दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्के. इंजिनाच्या खोलीत कॉइल ऐंशी डिग्रीने जास्त तापली तर विरोध तीस टक्के वाढला. करंट तेवढा कमी झाला आणि चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. थंड असताना वाढलेली फट ओढून घेणारा क्लच तापल्यावर हात टेकतो. सकाळी गार आणि दुपारी गरम, याचं सगळं उत्तर या दोन ओळींत होतं. हे गणित मला येत होतं. फक्त कुठे लावायचं ते माहीत नव्हतं.

चाचांनी फिलर गेज लावून फट मोजली, एक मिलिमीटरच्या वर. चकती काढली, आतला एक पातळ वायसर कमी केला, परत बसवली. झालं. चारशे रुपये.

चोवीस हजार विरुद्ध चारशे! मी त्या दिवशी हवेत होतो. ऑफिसमध्ये ही गोष्ट दहा जणांना सांगितली. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि इथून पुढे मी हिरो नाही.

निघताना चाचांनी पाइपच्या जोडावर बोट ठेवलं होतं. तिथे तेलकट काळा डाग होता आणि त्यावर धूळ बसलेली. म्हणाले, "भाऊ, इथून बारीक लीक आहे. पुढच्या महिन्यात एक दिवस गाडी ठेवा, नायट्रोजन भरून चेक करू." मी विचारलं, "गॅस संपला की भरू ना?" तेव्हा ते म्हणाले, "गॅस काय पेट्रोल आहे का संपायला?"

हे वाक्य फ्रेम करून प्रत्येक पार्किंगमध्ये लावलं पाहिजे. एसीतला गॅस जळत नाही की खर्च होत नाही. तोच गॅस वर्षानुवर्षं गोल फिरतो. कॉम्प्रेसर दाबतो, तापलेला गॅस पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, गार होऊन द्रव होतो, बारीक भोकातून सुटून एकदम थंड होतो, डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये केबिनची उष्णता पिऊन परत वायू होतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे. रबरी नळ्यांतून वर्षाला थोडाफार झिरपतो हे खरं. पण दर उन्हाळ्याला "गॅस भरावा लागतो" याचा अर्थ एकच, कुठेतरी भोक आहे.

आणि या गॅसबरोबर अजून एक गोष्ट फिरत असते जी कुणी सांगत नाही. तेल. गाडीच्या कॉम्प्रेसरला इंजिनासारखा वेगळा ऑइल पंप किंवा चेंबर बहुधा नसतो. त्याचं वंगण गॅसमध्ये मिसळून अख्ख्या सिस्टिममधून फेरी मारून परत येतं. गॅस कमी झाला की तेल परत यायचं कमी होतं, शिवाय भोकातून थोडं तेल बाहेरही जातं. तो काळा डाग तेलाचाच होता. थोडक्यात, लीक म्हणजे कॉम्प्रेसरचा हळूहळू केलेला उपवास.

मला हे सगळं चाचांनी सांगितलं, मी मान डोलावली, आणि गेलो नाही. एसी चालतोय ना? मग झालं. रिलीज होती, नंतर पावसाळा आला, मग दिवाळी. आमच्या क्षेत्रात याला टेक्निकल डेट म्हणतात. मराठीत याला आळस म्हणतात.

मार्च २०२५. एसी लावला की बॉनेटमधून खडखड. आठवड्याभरात कॉम्प्रेसर जाम. या वेळी खरंच गेला होता. आणि मी काय केलं? नवा महाग म्हणून दुसऱ्याच एका ठिकाणाहून रीबिल्ट कॉम्प्रेसर बसवून घेतला. फिटिंगसकट नऊ हजार. चाचांकडे गेलो नाही, कारण ते "कंडेन्सर आणि ड्रायरही बदलावा लागेल" म्हणतील हे माहीत होतं. मला वाटलं, हा उगाच वाढवलेला मसाला.

तीन आठवडे. बरोब्बर तीन आठवडे तो चालला. एप्रिलमधला दिवस, डायलिसिस आटपून आम्ही परत येत होतो. मी गाडी चालवतोय, अण्णा शेजारी, आजी मागे डोळे मिटून. करंजी घाटात किंचाळल्यासारखा आवाज आला, रबर जळल्याचा वास, आणि मी एसी बंद करेपर्यंत बेल्ट तुटला. आमच्या गाडीत त्याच बेल्टवर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप. म्हणजे गाडी पुढे नेणं शक्य नाही. दुपारचे तीन वाजत आलेले. एका बाभळीच्या अर्ध्या सावलीत आजीला बसवलं. ओला टॉवेल डोक्यावर. ती पाणी मागत होती आणि अण्णा तिला झाकणाने मोजून पाणी देत होते. चाळीस मिनिटांनी एका जीपवाल्याने तिला आणि अण्णांना तिसगावपर्यंत सोडलं. मी गाडीपाशी थांबलो टोइंगची वाट बघत. त्या चाळीस मिनिटांत आजी एक शब्द बोलली नाही. अण्णाही नाही बोलले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

चाचांनी मग ते सगळं उघडून दाखवलं. पाइपमध्ये चांदीसारखी चकाकणारी राखाडी पेस्ट. पहिला कॉम्प्रेसर कोरडा पडून घासला, तेव्हा त्याच्या धातूची पूड तेलात मिसळून पुढे गेली आणि कंडेन्सरमध्ये अडकली. आताचे कंडेन्सर केसासारख्या बारीक वाहिन्यांचे असतात, ते धुऊन पूर्ण साफ होत नाहीत. तीच पूड फिरत फिरत नव्याने बसवलेल्या कॉम्प्रेसरमध्ये शिरली. वर त्या कामात ड्रायर तोच जुना ठेवलेला. ड्रायरचं काम ओलावा शोषायचं. सिस्टिम उघडी राहिली की तो हवेतला ओलावा पिऊन भरतो, मग बदलण्यावाचून इलाज नाही. थोडक्यात मी विषबाधा झालेल्या शरीरात नवीन हृदय बसवलं होतं.

बिल सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. नवा कॉम्प्रेसर १७,५००, कंडेन्सर ५,८००, ड्रायर १,१००, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह १,४००, गॅस, तेल आणि ओ-रिंग मिळून २,६००, बेल्ट ७००, मजुरी ३,५००. एकूण ३२,६००. त्याआधी पाण्यात गेलेले दीड हजार आणि नऊ हजार वेगळे. आणि २०२४ च्या मे महिन्यात गाडी एक दिवस ठेवली असती, तर नायट्रोजन टेस्ट, एक ओ-रिंग आणि गॅस यात अडीच-तीन हजारांत काम झालं असतं. चाचांनी हे मला बोलून दाखवलं नाही. मीच मोबाईलवर बेरीज केली.

आता या सगळ्यातून माझं जे मत झालंय ते सांगतो. पटलं तर घ्या.

पहिलं. आपण दुरुस्तीचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. चाचांना मी विचारलं की पहिल्या दोघांनी फट का नाही मोजली? ते म्हणाले, "त्यांना येत नाही असं नाही. बघायचे पैसे कुणी देत नाही, भाऊ. बदलायचे सगळे देतात." विचार करा. एखाद्याने दोन तास घालवून गेज लावले, गाडी तापवली, लीक शोधला आणि सांगितलं की "वायसर काढला, हजार रुपये द्या," तर आपण काय म्हणू? "एका वायसरचे हजार?" आणि तोच माणूस दोन मिनिटांत चोवीस हजारांचा डबा बदलतो म्हणाला, तर आपण घासाघीस करून बावीस देतो आणि खूश होतो. मग तो डबाच विकणार. आम्ही आयटीवाले तर याबाबतीत बोलूच नये. प्रॉडक्शनमधला एक बग शोधायला तीन दिवस लागले आणि दुरुस्ती एका ओळीची निघाली, तर आम्ही पूर्ण तीन दिवसांचा पगार घेतो. एका ओळीचा नाही.

यात सगळा दोष छोट्या गॅरेजवाल्याचा नाही. त्याच्याकडे माहिती आणि अवजारं पोचतच नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली नाहीत म्हणून. पुढे अपिलं झाली, काहींचा दंड कमीही झाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने "राइट टू रिपेअर" चं पोर्टल काढलं, त्यात गाड्याही आहेत. पोर्टल छान आहे. पण पत्र्याच्या शेडमधल्या माणसाला क्लचची फट किती हवी, तेल कोणतं आणि किती ग्रॅम, हे त्याच्या भाषेत छापलेलं मिळत नाही तोवर तो अंदाजानेच काम करणार.

दुसरं. लीक न शोधता गॅस मारणं बंद करा. पैशाचं झालंच, पण हा गॅस साधा नाही. २०१२ च्या आसपासच्या आपल्या गाड्यांत आर-१३४ए असतो. त्याच्या आधीचा आर-१२ ओझोनच्या थराला खात होता, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो गेला. १३४ए ओझोनला खात नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. छोट्या गाडीत साडेचारशे ग्रॅम धरा. तो सगळा हवेत सुटला तर साधारण ६४० किलो कार्बन डायऑक्साइडएवढं झालं. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो होतो. म्हणजे २८० लिटर पेट्रोल, पंधराच्या ॲव्हरेजने चार हजारांवर किलोमीटर. दर उन्हाळ्यात फक्त "गॅस मारून" आपण गाडी न चालवता एवढा धूर सोडतो. २०१६ च्या किगाली करारात हे गॅसही कमी करायचं ठरलं, भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली आणि आपल्याकडची कपात २०३२ पासून सुरू होणार आहे. तोपर्यंत तरी भोक बुजवता येईल.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पार्ट मेला तर "कोणता मेला" एवढ्यावर थांबू नका, "का मेला" विचारा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हे आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय. क्लचचा दोष होता तेव्हा कॉम्प्रेसर बदलायला सांगितला, आणि कॉम्प्रेसर मेला तेव्हा मी फक्त कॉम्प्रेसर बदलला. दोन्ही चुका एकाच जातीच्या. पहिल्या चुकीत गॅरेजवाला होता, दुसरीत मी. म्हणून "कमी खर्चाचा उपाय तोच खरा" असा निष्कर्ष माझ्या चारशे रुपयांवरून कुणी काढू नये. मी काढला आणि घाटात उभा राहिलो.

आता अण्णांचा प्रश्न उरतो. लाखभर किमतीच्या गाडीवर बत्तीस हजार घालावेत का? लोक गाडीची बाजारातली किंमत आणि बिल शेजारी ठेवतात आणि म्हणतात, विकून टाक. मला हा हिशोबच चुकीचा वाटतो. ती किंमत गाडी विकणाऱ्यासाठी. आपण वापरणारे आहोत. आपण तुलना करायची ती दुसरी गाडी घ्यायला लागणाऱ्या पैशाशी, म्हणजे सहा-सात लाख आणि पाच वर्षांचा हप्ता. गाडीचं इंजिन ठीक असेल, पत्रा सडलेला नसेल, तर बत्तीस हजारात तीन-चार वर्षं मिळणं स्वस्त आहे. पण इंजिन तेल पीत असेल, चेसिसला गंज असेल, तर एसीवर एक रुपया घालू नका. आणि पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील तर फिटनेस आणि फेरनोंदणीचा खर्चही धरा. ही फी १ एप्रिल २०२२ ला कारसाठी ६०० वरून ५,००० झाली होती, आणि ती खाली जाण्याची आशा ठेवू नका. आमच्या गाडीचाही नंबर २०२७ मध्ये लागेल, तेव्हा पुन्हा बसून हिशोब करू.

नगरच्या माणसाला हे खरं तर सांगायला लागू नये. ज्या गावात रणगाड्यांचं संग्रहालय आहे, सैन्याच्या गाड्या तपासणारी व्हीआरडीई आहे, जिथल्या कारखान्यातून लुना बाहेर पडली आणि दोन-दोन पिढ्यांनी ती तारेने बांधून चालवली, तिथल्या लोकांना यंत्र जपायचं कसं हे रक्तातच असायला हवं. पण "तारेने बांधणं" आणि "दुरुस्त करणं" यात फरक आहे. लुना बंद पडली तर ढकलत नेता येते.

मित्राला मी शेवटी एवढंच सांगितलं. एसी बंद पडलेल्या अवस्थेत गाडी दाखव. क्लच ओढतोय का बघायला सांग. दोन्ही बाजूंचे प्रेशर गेजवर वाचायला सांग आणि स्वतः उभा राहून आकडे लिहून घे. कंडेन्सरचा पंखा फिरतोय का, जाळीत माती बसलीय का बघ, कारण कधी कधी पाण्याच्या फवाऱ्यानेच काम होतं. लीक सापडल्याशिवाय गॅस भरू नकोस. भरण्याआधी अर्धा तास तरी व्हॅक्यूम मारायला लाव. आणि कॉम्प्रेसर खरंच घासून गेला असेल तर कंडेन्सर, ड्रायर आणि व्हॉल्व्ह सोबतच बदल, नाहीतर काहीच बदलू नकोस. आणि मुख्य म्हणजे, नुसतं बघायचे पाचशे रुपये तो न मागता आधी हातावर ठेव.

"न मागता?" तो म्हणाला.

"न मागता."

चाचांकडे मी आता दर फेब्रुवारीत गाडी दाखवायला नेतो. मागच्या वेळी त्यांनी गेज लावले, जोड तपासले, म्हणाले, "सब ठीक आहे, काही नाही केलं." मी पाचशे दिले. त्यांनी दोनदा परत केले, तिसऱ्यांदा घेतले.

आणि आजी? परवा डायलिसिसहून येताना मागच्या सीटवरून आवाज आला, "अरे, बंद कर ते जरा, थंडी वाजतीय."

अण्णांनी काही न बोलता पंखा एक नंबरवर आणला.